नळीवरचं कुंकू

रेघ अकरा मिलिमीटर लांब होती. व्हर्नियर लावून मी ती दोनदा मोजली. रुंदी केसाएवढी, रंग लाल. नळीच्या खालच्या बाजूला, काडतूस बसतं त्या जागेच्या जरासं पुढे.

रंग कुंकवाचा होता. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली. पुण्यात माझ्या नवऱ्याचे, नागेशचे वडील आपल्या लेथवर फुलं वाहायचे, म्हणून रेगेन्सबर्गजवळच्या या गावातही आमच्याकडे दरवर्षी पाटावर हत्यारं मांडली जातात. नागेशचे पाने आणि कानशी, माझं व्हर्नियर, आमच्या मुलीचा, केयाचा लॅपटॉप, आणि गेली तीन वर्षं नागेशची एकनळी बंदूक. लोखंडाला पाणी नको म्हणून यंदा त्याने कुंकू बंदुकीच्या पातळ तेलात कालवलं. "इंजिनियरची पूजा," तो म्हणाला, आणि केया हसली. पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नसतात, म्हणून बंदूक पाटावरच राहिली. कायद्याने ती पोलादी कपाटात कुलपाआड हवी होती. बऱ्याच गोष्टींसारखं तेही मी चालवून घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडू उचलले आणि फडक्याने सगळं पुसलं. बाकीचं कुंकू गेलं, रेघ राहिली. ॲसिटोनने पुसली तेव्हा तीही गेली. चहा घेऊन परत आले तर ती होती तिथे पुन्हा आली होती.

माझी नोकरी हीच आहे. प्रयोगशाळेत तयार भागांवर आम्ही लाल तेल लावतो, पुसतो आणि वर पांढरी पूड उडवतो. धातूला तडा असेल तर आत शिरलेलं तेल पुडीत वर येतं. मी न्हाणीघरातून टाल्कम पावडर आणली आणि चिमूटभर नळीवर उडवली. मिनिटभरात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. आता तिला एक फाटाही दिसत होता.

ही बंदूक नागेशने एका शिकाऱ्याच्या विधवेकडून घेतली होती. स्वस्तातली, ओबडधोबड, आणि त्याला तशीच हवी होती. बावीस वर्षं त्याने गिअरबॉक्सचे भाग बनवले. मग कंपनीने त्याचा विभाग दुसऱ्या देशात हलवला आणि एकावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. त्या हिवाळ्यात तो दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नसे. शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेने त्याला उठवलं. बंदुकीने त्याला केलरमध्ये, आमच्या तळघरातल्या टेबलापाशी नेलं. तिथे त्याने दस्ता तासला, घोडा मऊ केला, नळी बंद ठेवणारा खटका कानसून हलका केला. संध्याकाळी हात धुताना तो शीळ घालू लागला होता.

दीड वर्षापूर्वी, मार्चमध्ये, बार उडाला तेव्हा तो खटका धरला नाही. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. इस्पितळात नेण्याआधी मी जखम घरी दोनदा धुतली, दारूचे काळे कण निघेपर्यंत. डॉक्टर तरुण होती, दमलेली होती. मी सांगितलं, ड्रिलिंग मशीन. तिने तसं लिहून घेतलं. खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता, आणि परवाना गेला असता तर तो पुन्हा त्या अंथरुणात गेला असता. केयालाही आम्ही ड्रिलिंग मशीनच सांगितलं.

परतताना गाडीत तो म्हणाला होता, "पुन्हा नाही. तुझी शप्पथ." दोन महिन्यांनी केलरमधून तापल्या धातूचा वास आला. खांद्याच्या पट्ट्याची कडी तो पितळ वितळवून नळीला ब्रेझ करत होता. बरोबर त्याच जागी, जिथे आता रेघ होती. बंदुका दुरुस्त करणाऱ्या गावातल्या माणसाने त्याला बजावलं होतं, नळीला आच लावलीस तर ती सरकारी चाचणीला पाठव. नागेशने ती पाठवली नाही.

आणि परवा, शनिवारी, केया ही बंदूक घेऊन तळ्यावर बदकांच्या शिकारीला जाणार होती. सतरा वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये शिकारीची परीक्षा पास झाली. दस्ता तिच्या खांद्याच्या मापाने कापलेला आहे.

"इन्स्पेक्शन चालू का, मॅडम?" नागेश जिना उतरत म्हणाला. मग पावडर दिसली. "हे काय, तिला आंघोळ घातलीस?"

"तडा आहे."

"कुंकू आहे ते. नीट पुसलं नाहीस."

"दोनदा पुसलं. एकदा ॲसिटोनने. ते आतून येतंय, नागेश."

तो वाकला. चष्मा कपाळावर चढवून त्याने नळी उजेडाकडे फिरवली. त्याला काय दिसतंय ते मला त्याच्या मानेवरून कळलं. असे शेकडो भाग त्याने आयुष्यात बाद मालाच्या लाल डब्यात टाकले असतील.

"वरवरचा ओरखडा," तो म्हणाला.

"ओरखडा रात्रभर तेल धरून ठेवत नाही."

"टायरला बांधून, दोरी ओढून वीस बार काढलेत मी हिचे. वीस! काही झालं नाही."

"वीस बारांनी तडा इथवर आलाय."

"तुझी ना, लॅबची सवय. मायक्रॉनसाठी लोकांचा माल परत पाठवायचा. नवऱ्यालाही पाठवून दे एकदा."

केया ब्रेड चावत आली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते; इथल्या मुलांसारखी मला मामा म्हणते, नागेशला पापा. शनिवार रद्द का, तिने विचारलं. पापांनी तर टेस्ट केली आहे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," नागेश म्हणाला. "सांग तुझ्या आईला."

"तू गाल कुठे टेकवतेस, दाखव," मी केयाला म्हणाले.

"मामा, बिट्टे," ती डोळे फिरवत, विनवणीच्या सुरात म्हणाली. पण तिने ब्रेड खाली ठेवला, मोकळे हात उचलले आणि मान तिरकी केली. तिचा डावा तळहात हवेत जिथे थांबला, तिथे मी व्हर्नियरचं टोक धरलं. मग तेच टोक नळीवर ठेवलं. रेघ तिच्या तळहाताच्या बरोबर मधोमध येत होती.

नागेशने ते पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग पाटावरच्या ताटलीतून बीचचं एक पान उचललं. आपटा इथे मिळत नाही, केया दरवर्षी बीचची पानं आणते. ते त्याने माझ्या हातात ठेवलं.

"सोनं घे, आणि सोड आता. सणासुदीचं नको. नाही नेणार शनिवारी. पुन्हा नाही. तुझी शप्पथ."

तेच शब्द होते, त्याच क्रमाने. आवाजही तोच, मऊ आणि घाईचा. तो नळी बदलणार नाही हे मला माहीत होतं. तडा घासून काढेल, वर निळा रंग चढवेल, आणि पुढच्या पूजेला कुंकू साध्या पाण्यात कालवेल. मला रेघ दिसणार नाही.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. बंदुकांच्या परवान्यांचं ऑफिस लांड्राट्सआम्टमध्ये, जिल्हा कचेरीत आहे, ते त्या दिवशी बारापर्यंतच होतं. शुक्रवारी सुट्टी. मग शनिवार.

मी फोन उचलला. नंबर दीड वर्षापासून त्यात होता, प्लंबरच्या नावाखाली.

"कुणाला?" नागेशने विचारलं. मी दुसरा हात बंदुकीवर ठेवून नंबर लावला, तेव्हा त्याला कळलं. "वेडी आहेस का? सगळं काढून घेतील. हे गेलं तर माझ्याकडे काय उरतं? सांग ना, काय उरतं?"

अर्ध्या अंगठ्याचा तो हात त्याने पाटावर टेकवला होता. फोन अडवायला तो पुढे आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"मामा?" केया म्हणाली.

पलीकडे घंटी वाजत होती. दुसरी. तिसरी.

"केया, पापांचा अंगठा ड्रिलिंग मशीनने गेला नाही," मी म्हणाले. "ह्या बंदुकीने गेला."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पलीकडे एका बाईंनी फोन उचलला आणि आपलं नाव सांगितलं. मी माझं सांगितलं, मग पत्ता. वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं होतं की जर्मनमध्ये ते एकदाही अडखळलं नाही.

"माझ्या नवऱ्याने स्वतः बदललेली एक बंदूक आमच्या घरात आहे, ती आज घेऊन जा. आणि मागच्या वर्षी मार्चमध्ये तिच्यामुळे झालेल्या जखमेबद्दल मी इस्पितळात खोटं सांगितलं होतं, तेही लिहून घ्या."