गेटवरचं स्टूल

मित्रांनो, जरा खाली बघा. होय, इथंच, पायापाशी. मी एक जुनं स्टूल बोलतोय. रंग निळा, पण आता तो सांगावा लागतो. चौथा पाय किंचित आखूड. कुणी वर चढलं की मी कुरकुरतो, आणि खरं सांगायचं तर स्वभावानंही कुरकुऱ्याच आहे. इतक्या माणसांचे पाय अंगावर झेलले असते तर तुम्हीही झाला असता!

माझा जन्म भोसरीतल्या एका कारखान्यात झाला. परदेशातून एक भलंमोठं मशीन आलं होतं. मशीन गेलं आत, आणि त्याच्या पॅकिंगची लाकडं राहिली उन्हात पडून. सोनबा सुतारानं त्यातल्या बऱ्या फळ्या निवडल्या, रंधा मारला आणि जेवणाच्या सुट्टीत मला ठोकून काढलं.

"घे रं जयसिंग," तो म्हणाला. "मान्सं तुजं ऐकत्यात, पन तू दिसतच न्हाईस कुनाला."

जयसिंग म्हणजे माझे मालक. लेथवर काम करायचे. उंचीनं बेताचे, आवाज मात्र खणखणीत. युनियनची गेट मीटिंग तेच घ्यायचे. पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची, मधली पंधरा मिनिटं आमची. भोंगा वाजला की संपलं. काय दिवस होते ते! सायकलींची रांग, हँडलला लटकलेले डबे, कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास. अजूनही तो वास आला की माझं लाकूड फुलून येतं.

जयसिंगची एक पद्धत होती. ते आधी स्वतः कधी चढत नसत. "कुणाचं काय दुखतंय? त्यानं चढायचं," असं म्हणायचे. मग ज्याचं गाऱ्हाणं तो माझ्यावर उभा राहायचा, आणि जयसिंग शेवटी बोलायचे. एकदा एक जण कॅन्टीनच्या पातळ डाळीवर बोलायला चढला आणि इतका घाबरला, की "डाळ... डाळ..." एवढंच म्हणून उतरला. सगळं गेट हसलं. दुसऱ्या दिवशी डाळ मात्र घट्ट आली हो!

आणि मग तो दिवस आला. सांगायला जड जातं, पण सांगतो. युनियनची निवडणूक होती आणि जयसिंग अध्यक्षपदाला उभे होते. आदल्या दिवशीच्या गेट मीटिंगला पुनावळ्याचा चिमाजी पुढं आला. तो पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काम करायचा.

"जयसिंगराव, प्रेसची हात अडवायची जाळी सैल झालीया. आज मला चढू द्या," तो म्हणाला.

"उद्या चढ, चिमाजी. आज मला बोलू दे," जयसिंग म्हणाले.

पूर्ण पंधरा मिनिटं ते एकटेच बोलले. टाळ्या काय, हार काय! निवडूनही आले. पण त्या गडबडीत चिमाजीचा 'उद्या' राहूनच गेला. आठव्या दिवशी प्रेसमध्ये त्याची दोन बोटं गेली.

जयसिंगनी पद सोडलं. मला सायकलला बांधून दिघीला घरी आणलं आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलं. त्यानंतर पंचवीस वर्षं ते माझ्यावर ना चढले, ना बसले. चिमाजीला तोंड दाखवायचं धाडसही त्यांना झालं नाही. माझ्या डोक्यावर कूलर आला, पोटाखाली रंगाचे डबे. चौदा एप्रिलला माळा लावायच्या असल्या की तेवढी माझी आठवण व्हायची.

मग त्यांची नात अंजली मोठी झाली. चिंचवडच्या कॉलेजात जायला लागली. तिथं 'विद्यार्थी उद्योजक मंडळ' आहे. धंद्याच्या कल्पना मांडायच्या, कारखाने बघायचे, वर्षातून एकदा मेळा भरवायचा, अशी कामं. त्या मंडळाचं अध्यक्ष व्हायचं तिनं पहिल्या वर्षापासून मनात धरलं होतं. यंदा ती उभी राहिली. समोर होता रणजीत, चाकणला ज्याच्या वडिलांचा स्वतःचा कारखाना आहे.

तिनं भाषण बारा वेळा लिहिलं आणि बारा वेळा बाल्कनीत मला म्हणून दाखवलं. मला तर ते पाठ झालं होतं. पण अडचण वेगळीच निघाली. पोरगी उंचीनं आजोबांवर गेलेली!

"अगं, त्या माइकच्या टेबलामागं तू दिसतच नाहीस," तिची मैत्रीण सादिका हसून लोळायची बाकी होती. "लोकांना वाटेल टेबलच निवडणुकीला उभं राहिलंय."

दोघींनी कूलर उतरवला आणि मला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात जयसिंग आले.

"ते नको, अंजू. दुसरं काहीतरी ने."

"का आजोबा? चांगलं मजबूत आहे की."

जयसिंग बाल्कनीच्या कठड्याला टेकले. मग त्यांनी चिमाजीची हकीकत सांगितली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, तीही नातीला.   शेवटी तेच म्हणाले, "ने आता. लाकडाचा काय दोष?"

सादिकाचे अब्बू जहीरचाचा यांचं रहाटणीला गॅरेज आहे. त्यांनी माझ्या हलत्या पायात नवा बोल्ट घातला, वर चढून दोनदा उडीही मारून बघितली. आई गं! पण बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणी माझी विचारपूस केली होती.

भाषणाचा दिवस उजाडला. प्रत्येकाला पाच मिनिटं. रणजीत छान बोलला, पडद्यावर चित्रंबित्रं दाखवली. मग अंजली माझ्यावर चढली.  तिनं कागद उघडला आणि तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात अर्धवट वर आला. संघर्ष त्याचं नाव. तिसरी पाळी करून, कंपनीच्या कपड्यांतच सरळ कॉलेजात आलेला मुलगा.

"आधी जरा मी बोलू का?" त्यानं विचारलं. लोक हसले.

अंजलीनं कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि मित्रांनो, ती उतरली! म्हणाली, "ये, चढ."

संघर्ष अडखळत बोलला. "मी तीन वर्षं मंडळाचा सभासद आहे. एकही बैठक पाहिली नाही. बैठक दुपारी बाराला असते. आम्ही पंधरा-वीस जण कंपनीत काम करून शिकतो. धंदा आम्हालाही करायचाय राव. आम्ही कधी यायचं?"  तो बोलून उतरला तेव्हा पाच मिनिटं संपल्याची घंटा वाजली. अंजलीचा कागद तसाच घडी होऊन खिशात गेला.

ती हरली. नऊ मतांनी. त्याच दिवशी मतदान चारला बंद झालं आणि पहिल्या पाळीच्या मुलांची बस मोशीच्या ट्रॅफिकमधून सव्वाचारला पोचली. चौदा पोरं अंजलीला मत द्यायला धावत आली आणि बंद दारासमोर उभी राहिली.

घरी येऊन अंजली माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. "आजोबा, मी एक वाक्यसुद्धा बोलले नाही हो. हरले."

"मी जिंकलो होतो," जयसिंग म्हणाले. "तुझ्यासारखं उतरता आलं असतं तर चिमाजीची बोटं राहिली असती."

रविवारी रणजीत घरी आला. बैठक आता संध्याकाळी सहाला, आणि पुढच्या वर्षी मतदान रात्री आठपर्यंत, असं ठरवल्याचं सांगायला. "आणि हे स्टूल मंडळाला मिळेल का?" त्यानं लाजत विचारलं. "आधी दुसऱ्यानं चढायचं, ही पद्धत ठेवू म्हणतो."

"देऊ," जयसिंग म्हणाले. "पण आठ दिवस थांब. माझं एक काम राहिलंय."

त्यांनी जुनी डायरी काढली. नंबर त्यात कधीचाच होता, लावला मात्र कधी नव्हता. बुधवारी दुपारी दारात चिमाजी उभा होता. केस पांढरे, उजव्या हाताला तीनच बोटं.

 मग जयसिंगनी मला पुढं ओढलं, स्वतःच्या बाहीनं माझी धूळ पुसली आणि हात जोडले. "चढ, चिमाजी. तुझं बोलायचं राहिलंय."

चिमाजीचे डोळे भरून आले. "आता ह्या गुडघ्यांनी कुटं चढतो, राव," तो म्हणाला. "बसतो." आणि तो माझ्यावर बसला आणि बोलत राहिला. जाळीचं बोलला, दवाखान्याचं बोलला, "तुमी एकदा बी आला न्हाईत" हेही बोलला. जयसिंग समोर जमिनीवर बसून ऐकत होते. चहा दोनदा गार झाला.

आता मी कॉलेजात असतो. मित्रांनो, मला पावसात ठेवू नका, बोल्ट सैल झाला तर आवळा, आणि पोटाखाली रंगाचे डबे तर मुळीच नकोत. माझ्यावर जरूर उभे राहा. फक्त मागच्या रांगेत कुणाचा हात वर आहे का, तेवढं बघत जा. आणि असला, तर त्याला उद्या ये म्हणू नका.