मानकऱ्यांची सातवी जागा

बद्रीनाथला हेडमास्तरांनी बोलावलं तेव्हा अकरावीचा गणिताचा तास चालू होता. शिपायानं दारातून नाव घेतलं आणि वर्गातल्या सगळ्या माना मागच्या बाकाकडं वळल्या. बोर्डिंगातल्या पोराला हेडमास्तरांचं बोलावणं यायचं ते गावाकडं कोणी वारलं म्हणून, नाहीतर काही चोरीला गेलं म्हणून. बद्रीनाथच्या मनात मात्र तिसरंच कारण आलं.

हेडमास्तर तात्यासाहेब हसतमुखानं बसले होते. त्यांनी त्याला चक्क खुर्चीवर बसायला सांगितलं. मानकरी मंडळाची सातवी जागा महिन्यापासून रिकामी आहे, आणि शाळेनं ती तुला द्यायचं ठरवलंय, असं ते म्हणाले. सव्वीस जानेवारीला गावातली मोठी माणसं येतील, त्यांच्यासमोर शपथ होईल, बिल्ला मिळेल. अकरावीत, मॅट्रिक दोन महिन्यांवर आलेली असताना कुणाला मानकरी केल्याचं आजवर झालं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. बद्रीनाथ "विचार करून सांगतो" म्हणाला तेव्हा त्यांचं हसू जरासं आखडलं. यात विचार करण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. की कळलं होतं, कोण जाणे.

ही शाळा पोलीस ॲक्शननंतर पुढच्याच वर्षी निघाली होती. निजामाच्या अमलात पोरांना उर्दूतून शिकावं लागे; आपल्या भाषेतली शाळा म्हणून तात्यासाहेबांनी पत्र्याच्या शेडात हिचे वर्ग भरवले आणि पुढं आयुष्य तिला वाहिलं. औरंगाबादेत शाळेचं नाव झालं ते मानकरी मंडळामुळं. मंडळात सातच मुलं; जागा होईल तशी ती बहुतेक नववीतून निवडायची. त्यांच्या शर्टाला पितळी बिल्ला, हॉलमधल्या फळीवर त्यांची नावं, आणि मॅट्रिकनंतर संस्थेच्या कॉलेजात, वसतिगृहात त्यांना हक्काची जागा. बद्रीनाथ नववीत शास्त्रात पहिला आला होता, तरी त्याला घेतलं नाही. मानकऱ्याला पाहुण्यांसमोर बोलावं लागतं, आणि पिशोरसारख्या खेड्यातून आलेला हा पोरगा "लई" आणि "नाय" बोलायचा. त्याच्याऐवजी श्रीनिवासची निवड झाली.

श्रीनिवास कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा, औरंगपुऱ्यात राहणारा. आपण बद्रीनाथची जागा घेतली असं त्यालाच वाटत राहिलं. पुढच्या वर्षी एखादी जागा झाली तर तुझाच नंबर, असं तो म्हणायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याला घरी जेवायला न्यायचा. श्रीनिवासची आई, अनसूयाबाई, बोर्डिंगच्या पोराला भूक जास्त लागते म्हणून पोळी वाढताना विचारतच नसत.

डिसेंबरात मंडळ श्रमदानाला गेलं. चिकलठाण्याच्या पुढं एक लहानसं गाव, तिथल्या सारजाबाईच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. गावकामाची सवय असलेला कोणी हवा म्हणून मंडळ बघणाऱ्या पैठणकर सरांनी बद्रीनाथलाही बरोबर घेतलं. दोर धरायचं काम त्याच्याकडं आलं. मुलं उतरायच्या आधी सारजाबाई सरांजवळ आली.

"मास्तर, त्या अंगाची माती परवा ढासळलीय. लेकरं उतरू देऊ नका."

वर्तमानपत्राचा फोटोवाला दुपारच्या आत येऊन जाणार होता. सरांनी कडेला जाऊन वाकून पाहिलं, पायानं एक दगड दाबून पाहिला आणि म्हणाले, फोटोपुरतं उतरा, मग बघू. चौघं उतरले. श्रीनिवासनं खालून वर बघून बद्रीनाथला घमेलं सोडायची खूण केली. पहिलं भरलेलं घमेलं अर्ध्यावर आलं आणि सारजाबाईनं सांगितलेली बाजू खचली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. धुरळा खाली बसला तेव्हा तिघं दुसऱ्या अंगाच्या कपारीला धरून लोंबकळत होते. श्रीनिवास दिसत नव्हता. गावकऱ्यांनी त्याला उन्हं कलल्यावर बाहेर काढलं.

फौजदार आले, पंचनामा झाला. पैठणकर सरांनी जबाब दिला की मुलं त्यांना न विचारता जेवणाच्या सुट्टीत उतरली. सहाही मानकऱ्यांनी तेच सांगितलं. बद्रीनाथ पाणी आणायला गावात गेला होता, असं सरांनीच सांगून टाकलं, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. त्या वेळी त्याला सुटल्यासारखं वाटलं.

शाळेत शोकसभा झाली. सगळ्यांची भाषणं झाल्यावर श्रीनिवासचे वडील हेमचंद्र उभे राहिले. आपल्या मुलानं शिस्त मोडली, त्यामुळं शाळेला बोल लागला, त्याबद्दल क्षमा असावी, एवढं म्हणून त्यांनी हात जोडले. सहा मानकरी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांतल्या एकानंही मान वर केली नाही. सर्वांत मागं उभ्या असलेल्या बद्रीनाथनंही केली नाही.

हेडमास्तरांच्या खोलीतून तो बाहेर पडला तर व्हरांड्यात पैठणकर सर थांबले होते. महिनाभरात त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला होता. निवड झाल्याचं कळलं, बरं झालं, असं ते म्हणाले. त्या दिवशी तू पाण्याला गेला होतास, असंच कागदावर आहे, तुला कुणी काही विचारणार नाही, असंही म्हणाले.

"सर, ती बाई बोलली होती," बद्रीनाथ म्हणाला.

"मला ऐकू आलं होतं," सर म्हणाले. "अजून येतं."

आणि ते वर्गावर निघून गेले. त्यांनी दम दिला असता तर बद्रीनाथला राग तरी धरता आला असता.

रविवारी त्याचे वडील कारभारी पिशोरहून आले. निवडीची बातमी त्यांच्या कानावर गावातच गेली होती. डोक्याला नवा पटका होता. बोर्डिंगच्या मागं लिंबाखाली बसून बद्रीनाथनं त्यांना सगळं सांगितलं. तोवर त्यानं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. कारभारी जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले. ते स्वतः उर्दू मदरशात दोन यत्ता शिकलेले. पोरगा मराठीतून मॅट्रिक होणार, पुढं कॉलेजला जाणार, हे ते बाजारच्या दिवशी दहा जणांना सांगत.

"तू मंडळात जा," ते शेवटी म्हणाले. "मेलेलं माघारी येत नाय. मोठ्या लोकांच्या इज्जतीत हात घालशील तर हात जाईल. त्या विहिरीनं एक लेकरू घेतलं, मी दुसरं द्यायचा नाय."

बद्रीनाथ "व्हय" म्हणाला. वडलांना एसटीत बसवून परत येताना त्याचं ठरलंच होतं. जागा घ्यायची, शपथ घ्यायची, मॅट्रिक व्हायचं आणि या सगळ्यापासून लांब जायचं. चालता चालता तो शपथेची वाक्यं मनात म्हणत होता. ती त्याला नववीपासून पाठ होती.

दुसऱ्याच दिवशी हेमचंद्रांचा निरोप आला, घरी येऊन जा. महिन्यानं तो त्या घराच्या पायऱ्या चढला. हेमचंद्र कोर्टातून आलेले, टोपी काढून बसले होते. अनसूयाबाई आतल्या खोलीत होत्या, त्यांची फक्त पाठ दिसत होती. हेमचंद्रांनी कोनाड्यातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत श्रीनिवासचा बिल्ला होता, घासून लख्ख केलेला. शाळेनं नवा करायला टाकलाय, पण सव्वीसला मिळायचा नाही. तेव्हा हाच लाव, असं ते म्हणाले. त्यांनी तात्यासाहेबांना तसं विचारूनही घेतलं होतं.

"त्याची जागा तुझ्याकडे आली, मला समाधान वाटलं," हेमचंद्र म्हणाले. "तू ऐकणारा मुलगा आहेस. तो नाही ऐकला."

बद्रीनाथनं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

"काका, तो ऐकला," तो म्हणाला. "ऐकला म्हणूनच उतरला."

मग त्यानं सगळं सांगितलं: सारजाबाईचं बोलणं, फोटोवाला, सरांचं वाकून बघणं, घमेलं. सांगताना त्याच्या तोंडून श्रीनिवासनं शिकवलेली शुद्ध भाषा गळून पडली आणि तो पिशोरचं बोलू लागला. हेमचंद्र बिल्ला हातात धरून ऐकत होते. अनसूयाबाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तू कुठं होतास?" त्यांनी विचारलं.

"वर. दोर माझ्या हातात व्हता."

"म्हणजे जेवणाच्या सुट्टीत नाही गेला तो?"

"नाय. जेवण व्हायचं व्हतं."

"उपाशीच," त्या म्हणाल्या. त्यांनी दाराची चौकट धरली. "आणि तू महिनाभर गप्प का बसलास?"

भ्यालो, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, पण पुरतं नव्हतं. श्रीनिवासची चिता पेटली तेव्हा सगळी मुलं रडत होती, तोही रडत होता, आणि त्या रडण्यातच त्याच्या मनात आलं होतं की आता सातवी जागा रिकामी झाली. तो विचार त्यानं तिथंच झटकला होता, पण तो गेला नव्हता. तात्यासाहेबांनी खुर्ची पुढं केली तेव्हा तोच विचार आधी येऊन खुर्चीत बसला होता.

"मला वाटलं, मला मंडळात घेतील," तो म्हणाला.

अनसूयाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. हेमचंद्रांनी त्याला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. तो आपणहून उठला. बिल्ला त्यांच्याच हातात राहिला.

सकाळी त्यानं तात्यासाहेबांना जाऊन सांगितलं की मला मानकरी व्हायचं नाही, आणि मी श्रीनिवासच्या घरी काय सांगितलं तेही तुम्हाला सांगतो. तात्यासाहेबांनी ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, पाच-सहाशे मुलं शिकतात इथं, उद्या आईबाप ती काढून नेतील, मग तुझ्यासारखी खेड्यातली मुलं कुठं जातील ते सांग. बद्रीनाथला ते बोलणं खोटं वाटलं नाही.

हेमचंद्र त्याला घेऊन फौजदारांकडं गेले. फौजदार म्हणाले, हा पोरगा तिथं नव्हताच असं जबाबात आहे, आणि सहा मुलं एक सांगतात, मास्तर तेच सांगतात. ती बाई बोलली तर पुढचं बघता येईल. मग दोघं एसटीनं त्या गावाला गेले. सारजाबाईनं बद्रीनाथला ओळखलं. हेमचंद्र कोण, हे कळल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. पण विचारल्यावर ती नाही म्हणाली.

"मी कशाला काय बोलू, दादा? विहीर माझी, लेकरू माझ्या विहिरीत गेलं. आधीच ढासळली व्हती म्हणलं तर मलाच धरून नेतील."

हेमचंद्रांनी पुन्हा विचारलं नाही. विहिरीपाशी गेले, कडेपासून लांब उभे राहिले आणि परत फिरले. बसमध्ये ते बद्रीनाथच्या शेजारी बसले नाहीत, पुढच्या बाकावर बसले.

सव्वीस जानेवारीला हॉलमध्ये सात खुर्च्या मांडल्या होत्या. सातवीवर नववीतला एक गोरटेला मुलगा बसला, कुण्या वकिलाचा. त्यानं खणखणीत आवाजात शपथ म्हटली आणि टाळ्या झाल्या. बद्रीनाथ वर्गाबरोबर मागं उभा होता. पैठणकर सर स्टेजवर आले नाहीत. उन्हाळ्यात संस्थेनं त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेवर पाठवलं. त्यापलीकडं कुणाचं काही झालं नाही.

बोर्डिंगातून त्याला कोणी काढलं नाही. पंगतीत शेजारची पोरं ताट घेऊन सरकून बसत, एवढंच. शाळेचं नाव त्यानं घालवलं, आणि तेही बिल्ला मिळाला नाही म्हणून, असं सगळीकडं झालं होतं. बिल्ला त्यानं नाकारला, हे सांगायला गेलं तर कोणी मानत नव्हतं. तो सांगायचा थांबला. अभ्यासाला बसलं की ओळीमागून ओळी जात आणि डोक्यात काही राहत नसे.

परीक्षा संपली त्या दिवशी कारभारी त्याला न्यायला आले. ट्रंक डोक्यावर घेऊन ते स्टँडपर्यंत पुढं चालले, मागं वळून बघितलं नाही. पिशोरकडं जायला कन्नडची गाडी लागायची होती. ट्रंकेवर दोघं टेकल्यावर बद्रीनाथनं विचारलं, "रागावला का?"

"मी तुला उलटं सांगितलं व्हतं," कारभारी म्हणाले.

"व्हय."

"त्या माणसाला बरं वाटलं का? त्या पोराच्या बापाला?"

बद्रीनाथनं विचार केला. "नाय वाटलं," तो म्हणाला. "पण आता ते कुणाची माफी मागत नायत."

कारभारींनी मान हलवली. ती पटल्याची होती की नुसतीच, हे कळलं नाही. गाडी लागली तशी ते ट्रंक टपावर चढवायला उठले.

तो पास झाला, पण जेमतेम. वसतिगृह मिळालं नाही, म्हणून कॉलेज राहिलं. पावसाळ्यापासून तो कन्नडला एका अडत्याकडं धान्याच्या मापाला उभा राहू लागला. डिसेंबर जवळ आला तसा तो औरंगाबादहून येणाऱ्या माणसांना हेमचंद्रांबद्दल विचारायचा. श्रीनिवासच्या वर्षश्राद्धाला आपल्याला निरोप येईल, असं त्याला वाटत होतं. निरोप आला नाही. श्राद्ध झाल्याचं त्याला नंतर कळलं. अनसूयाबाईंनी कोणालाच बोलावलं नव्हतं.