नमुन्याची बाटली

नमुन्याच्या बाटलीचं पांढरं टोपण आज नीट बसतच नव्हतं—की त्याची बोटंच घामेजली होती? आत नुसतं पाणी. नाक-कान-घशाच्या या दवाखान्यातला तो कंपाउंडर; ॲलर्जीच्या पेशंटांना नाकात फवारा कसा मारायचा, ते दहा वर्षं याच बाटलीनं शिकवत आलेला. मान जराशी खाली. डाव्या नाकपुडीला उजवा हात. फवारा बाहेरच्या बाजूला, जोरात ओढायचं नाही. आणि रोज... बरं वाटलं तरी रोज. "स्टिरॉइड म्हटलं की घाबरू नका आजी, एवढ्याशानं काही होत नाही," हे तर तो झोपेतही म्हणाला असता.

समोरच्या स्टुलावर आज त्याची बायको बसली होती.

ती आतून नुकतीच आली होती, आणि दार अर्धं उघडं असल्यानं त्यानं सगळं ऐकलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, वर्षभर रोज घेतलात ना फवारा?" आणि ती—जिची वर्षभरात एक बाटलीसुद्धा संपली नव्हती, ती—म्हणाली, "हो, रोज." मग डॉक्टर म्हणाले, औषधानं नाकातली सूज उतरत नाही म्हणजे ऑपरेशनच करू, बाहेर यांच्याकडून तारीख घ्या, आणि जाता जाता फवारा मारून दाखवा त्यांना.

रोज! स्टिरॉइड आहे ते, उगाच सवय नको, नाक अगदीच बंद झालं तर घे—हे तिला घरी कुणी सांगितलं? मी. मीच सांगितलं. लोकांच्या नाकांबद्दल छातीठोकपणे बोलणारा हा गृहस्थ घरच्या नाकाशी आला की शेपूट घालायचा... आणि ते दूध? चार महिन्यांपूर्वी दूध करपून पातेलं काळंठिक्कर झालं, ती तिथंच भाजी निवडत बसलेली, आणि तो मुलीसमोर ओरडला होता, "नाक गहाण टाकलंयस का?" तिला वास येत नव्हता. ती बराच वेळ पातेलं घासत राहिली. आता शरमेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बघू, मारून दाखवा," तो म्हणाला. इथं सगळ्यांना अहो-जाहो करायची सवय.

तिनं पिशवीतून आपली बाटली काढली. मान मागे टाकली, उजव्या हातानं उजव्या नाकपुडीत फवारा मारला आणि खस्सकन वर ओढला. सगळंच चुकीचं. बाकावरचे एक आजोबा हसले. घरात एकदाही त्यानं तिला करून दाखवलं नव्हतं.

"मान खाली," तो पुटपुटला.

"आणि बरं वाटलं तरी रोज?"

"रोज."

"बरं." मग तिनं आवाज खाली आणला. "काळजी करू नका. तुमचं नाव नाही काढलं मी आत."

चिडून म्हणाली असती तर तो चिडला असता, सुटला असता. पण ती अगदी सहज म्हणाली, डबा भरून ठेवलाय म्हणावं तशी. डॉक्टरांचं दार दहा पावलांवर होतं. आत जाऊन दोनच वाक्यं बोलायची—तिनं घेतलेलं नाही, मी घेऊ दिलं नाही... डॉक्टर काय म्हणतील याची सकाळपासून वाटणारी धास्ती कुठं गेली कोण जाणे. आता त्याला फक्त तिच्याकडे बघवत नव्हतं. ऑपरेशनच्या तारखांची वही त्याच्याच टेबलावर उघडी होती, पेन त्याच्याच हातात, आणि ती स्टुलावर मांडीवर पिशवी धरून तारखेची वाट बघत होती.