राजीनामा त्यानेच मागितला

स्केलपट्टीला कंपनीने काढलं, तेव्हा त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ड्रॉइंग सेक्शनमधला हा माणूस इतका ताठ चालायचा की सगळे त्याला याच नावाने ओळखायचे. पगार विभागात माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, पत्रात 'काढलं' असं नको. 'स्वतःहून राजीनामा' असं लिहा. सासरे आलेत घरी. त्यांच्यासमोर नाक कापलं जाईल माझं."

मी लिहिलं. ते केवढ्याला पडणार हे मला ठाऊक होतं. कंपनी रक्कम तेवढीच देणार होती, पण काढलेल्या माणसाच्या भरपाईवर ठरावीक मर्यादेपर्यंत कर लागत नाही, स्वतःहून सोडणाऱ्याच्या पूर्ण रकमेवर लागतो. शिवाय वर्षापूर्वी या शहरात बिऱ्हाड हलवायला कंपनीने त्याला पैसे दिले होते. दोन वर्षांच्या आत आपणहून सोडलं, तर तेही परत करावे लागतात. साहेब म्हणाले, "तो स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय, तुम्ही कशाला मध्ये पडता?" मी पडले नाही. खरं सांगायचं तर त्याचा तोरा मला कधीच आवडला नव्हता.

शेवटच्या दिवशी तो बायकोला आणि सासऱ्यांना घेऊनच आला. खाली गावी परतायचा टेम्पो उभा होता, घरचं सामान चढवलेलं. हातात येणारा आकडा बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"यात लेकीची फीसुद्धा निघत नाही हो," तो पुटपुटला. "शेवटचं वर्ष आहे तिचं. कॉलेज सोडावं लागेल."

मी दोन्ही वजावटी दाखवल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कंपनीने काढलं असेल तर तसं सांगा. पत्र आत्ता बदलते, सगळे पैसे मिळतील. सही केल्यावर मात्र काही होणार नाही. बोला, काढलं की सोडली?"

त्याला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण मला गंमत बघायची होती.

त्याने बायकोकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "सोडली," तो म्हणाला. "मला काढायची कुणाची टाप आहे?" आणि त्याने सही ठोकली. मी शिक्का मारला.

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुम्हाला काढलंय हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या सेक्शनमधल्यांनीच हिला सांगितलं. म्हणून तर धावत आलो मी. आत्ता तरी खरं बोलाल असं वाटलं होतं."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली. तो टेबलावर झेपावला. "मॅडम, द्या तो कागद! काढलंय मला! काढलंय हो!"

अख्ख्या मजल्याने माना वर केल्या. शिक्क्याची शाई अजून ओली होती, कागद फाडून दुसरा काढणं माझ्याच हातात होतं. मी तो फाईलला लावला आणि साहेबांकडे पाठवून दिला.