चारशे सतराची पलीकडची बाजू

मी एक जुनी वही आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करते, मी मत्सरी आहे. जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडी पाठीची, हजार पानांची. दिसायला शांत. पण पानापानांत जळत आले आहे.

मला विकत घेतलं ते एका फिटरने, रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये कामाला लागला त्याच दिवशी. शेडमध्ये कचेरीचं रजिस्टर होतंच. मला कुणी मागितलं नव्हतं. पण माझ्या मालकांनी एक नेम धरला. हात घासूनपुसून, डबा बाजूला सारून, रोज संध्याकाळी मला उघडायचं आणि त्या दिवशी जे इंजिन शेडमध्ये आलं त्याचा नंबर लिहायचा. कुठून आलं, काय बदललं, हॉर्न कुठे आहे, कुठली जाळी जुनी आणि कुठली नवी. शेजारी पेन्सिलीने छोटंसं चित्र. ताप असला तरी लिहायचे, घरात पाहुणे असले तरी लिहायचे. एकोणतीस वर्षं नेम मोडला नाही. अशा माणसाच्या हाताखाली राहणं हे भाग्यच, आणि ते भाग्य फक्त माझं आहे असं मी धरून चालले.

मग घरात मुलगी जन्माला आली. संध्याकाळी मालक मला उघडत, आणि ती रडली की मला तशीच उघडी टाकून तिला उचलत. माझी पानं वाऱ्यावर फडफडत राहत. तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात दुखलं. दोन वर्षांच्या त्या पोरीने माझ्या एकशे बाराव्या पानावर रंगीत खडूने गिरगोट्या काढल्या, आणि मालक रागावले नाहीत, हसले! त्या हसण्याचा डंख मी पुढे चाळीस वर्षं जपून ठेवला.

मालक गेले. मी कपाटात गेले. कपाटात दिवस मोजायला काही नसतं.

मुलगी मोठी होऊन दातांच्या कवळ्या बनवणारी कारागीर झाली. तिच्या टेबलावर बारीक कानशी, चिमटे, पक्कड, तारा, मेणाचे तुकडे. नातेवाईक तिला हसून कवळीवाली म्हणत. फावल्या वेळात त्याच हत्यारांनी ती इंजिनांची मॉडेलं बनवायला लागली. आणि मग तिने ठरवलं, आपल्या मोठ्या काकांचं इंजिन बनवायचं.

मोठे काका म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. ते ड्रायव्हर होते, आणि सोळा वर्षं त्यांनी चारशे सतरा नंबरचं इंजिन चालवलं होतं. आता त्यांना दिसत नव्हतं. चार महिन्यांनी ते लांबच्या गावी मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. तिला त्यांच्या मांडीवर त्यांचं इंजिन ठेवायचं होतं, आधी काही न सांगता.

"रंग चुकला तरी चालेल गं आई," ती म्हणाली, "पण हाताला चुकायला नको. काका आता हातांनीच बघतात."

तिने खूप शोध घेतला, हे मी नाकारत नाही. कारखान्याचे नकाशे मिळवले. कॉम्प्युटरवर इंजिनवेड्या लोकांच्या याद्या धुंडाळल्या. चारशे सतरा कुठल्या खेपेत बनलं, कुठल्या शेडला गेलं, छपरावरचा पंखा कधी बदलला. पुढचे दिवे एक की दोन, यावर तर ते वेडे लोक आठ दिवस भांडत होते. आणि मग कुणा छायाचित्रकाराकडून एक आल्बम आला. गुळगुळीत, चकचकीत, चारशे सतराचे अठ्ठावीस फोटो! ती एकेक पान उलटताना श्वास रोखून धरायची.

आणि मी? मला कपाटातून काढलं ते वजन म्हणून. सांधा चिकटवला की तो वाळेपर्यंत वर काहीतरी जड ठेवावं लागतं.

"अगं, बाबांची वही आहे ती," तिची आई म्हणाली. "डिंक लागेल."

"आई, इतकं सपाट आणि जड घरात दुसरं काही नाही."

"आहे की. तुझा हट्ट."

दोघी हसल्या. मी नाही हसले. डिंकाचा एक थेंब माझ्या कडेवर ओघळला आणि दोन पानं एकमेकांना चिकटली. नेमकी चारशे सतरा इंजिनाची.

आता ऐका, मित्रांनो, मी काय केलं ते. त्या आल्बममधले सगळे फोटो फलाटावरून काढलेले होते. इंजिनाची एकच बाजू सगळ्यांत दिसत होती. पलीकडची बाजू, जिकडून काका शेडमध्ये इंजिनावर चढायचे, ती एकाही फोटोत नव्हती. तिने सरळ या बाजूची नक्कल त्या बाजूला उतरवली. नकाशातही तसंच होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. पलीकडे काय होतं ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. माझ्यात.

डिंक ओघळला त्याच दुपारी तिने मला हातात घेतलं. जुन्या वहीची एक खोड असते, मालकाचा अंगठा जिथे जास्त वेळा पडला तिथे ती आपोआप उघडते. माझ्यात तो अंगठा चारशे सतरावर पडलेला. डिंक तेव्हा ओला होता. थोडं अंग सैल सोडलं असतं तर पान तिच्यासमोर आलं असतं. पण मी मूठ आवळली. मनात म्हटलं, विचार की तुझ्या त्या चकचकीत आल्बमला! एकशे बाराव्या पानावरच्या गिरगोट्याही मला तेव्हाच आठवल्या. तिने पुढची चार पानं चाळली, तेलबदलाच्या नोंदी पाहिल्या, आणि मला पुन्हा मॉडेलच्या जाळीवर वजन म्हणून ठेवलं.

मॉडेल पूर्ण झालं. हातभर लांब, निळं, झळझळीत. आल्या-गेल्याने तोंडात बोट घातलं. ते उठून दिसावं म्हणून खाली मला बैठक केलं. ते माझ्या छातीवर बसलं आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. यापेक्षा जास्त जळणं कुठल्या वहीच्या नशिबी आलं असेल तर मला माहीत नाही.

निघायच्या आदल्या दुपारी काका निरोप घ्यायला आले. तिने त्यांचे दोन्ही हात धरून मॉडेलवर ठेवले.

काकांची बोटं चालू लागली. समोरचे, धक्का झेलणारे बफर. दिवे. "दोनच होते. बरोबर." जाळ्या. "वा! माझ्या कवळीपेक्षा या चांगल्या बसल्यात."

"काका, कवळी मीच केलीय तुमची."

"म्हणून तर म्हणतो."

सगळे हसले. त्यांची बोटं हॉर्नवर गेली, छपरावर गेली, मग पलीकडच्या बाजूने खाली उतरली. चढताना धरायच्या दांडीवरून खाली, पायऱ्यांवरून खाली. शेवटच्या पायरीखाली बोट पुन्हा पुन्हा चाचपडलं. तिथे हवा होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

"छान केलंस गं," ते म्हणाले. फार हळू, फार सभ्यपणे. "ही चारशे सतराची बहीण असेल."

"म्हणजे? काका, नंबर चारशे सतराच आहे. सगळं तपासलंय मी."

"असेल. पण माझं नाही हे. राहू दे. तुझ्या बापाला विचारायला हवं होतंस."

"बाबांना आता कुठे विचारू?" तिचा आवाज फुटला. चार महिन्यांचं काम आणि उद्या सकाळची गाडी.

तो आवाज मी ओळखला. याच आवाजात ती पाळण्यात रडायची, आणि मालक मला टाकून धावायचे. त्या क्षणी मला कळलं की ते मला टाकून जात नव्हते, फक्त आधी तिच्याकडे जात होते. मी सबंध आयुष्य चुकीचा हिशोब केला होता.

काकांनी मॉडेल बाजूला ठेवलं. हात खाली आला तो माझ्या कापडी पाठीवर. ते थबकले.

"ही बारक्याची वही." धाकट्या भावाला ते बारक्या म्हणायचे.

त्यांनी मला उचललं, आणि मी मूठ सोडली. पण डिंक आता वाळला होता. टर्रकन आवाज झाला, पानाचा एक कोपरा फाटला, आणि मी उघडले.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

तिने वाचलं. "चारशे सतरा. पलीकडची बाजू. खाली पायरी एक जास्त, वीतभर. दांडी नळीची, खाली वाकवून. दादाचा गुडघा."

मग काका म्हणाले, "गुडघा दुखतो हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वर कळलं असतं तर इंजिनावरून उतरवलं असतं मला. एक दिवस ड्यूटीवर आलो तर खाली पायरी. बारक्या लांब उभा, पाना पुसत, माझ्याकडे न बघता. त्याने विचारलं नाही, मी बोललो नाही. सोळातली अकरा वर्षं त्या पायरीवर चढलो."

"तारीख होती इथे," ती म्हणाली. "कोपरा फाटलाय."

"तारीख मलाही नाही आठवत."

ती तारीख माझ्या मत्सराने खाल्ली, मित्रांनो. ती आता कुणालाच सापडायची नाही.

कवळीवालीने डोळे पुसले, टेबलावरची दातांची तार घेतली, पक्कड घेतली. माझं उघडं पान समोर ठेवलं आणि चित्रातल्यासारखी दांडी वाकवली. पत्र्याची एक पट्टी कापून खाली बसवली. काका तोवर चहा थंड करत बसून राहिले. या वेळी सांधा वाळेपर्यंत तिने बोटाने दाबून धरला. मला वर ठेवलं नाही.

मग काकांचं बोट पुन्हा त्या बाजूने उतरलं. दांडी. वाकडेपण. पायरी, पायरी, आणि खाली आणखी एक. बोट तिथे टेकलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"हं," ते म्हणाले. "आता चढता येईल."

दुसऱ्या दिवशी ते इंजिन त्यांच्या मांडीवर बसून गेलं. मी इथेच राहिले. खरं सांगू? अजूनही थोडं पोटात दुखतं. त्या मांडीवर मला बसता आलं नाही. पण आता मी टेबलावर असते. तिने बाबांच्या ओळीखाली आपल्या अक्षरात लिहिलं, "पायरी मॉडेललाही लावली." आणि रोज संध्याकाळी, हात धुऊन, ती मला उघडते. नेम पुन्हा सुरू झाला आहे.

तुमच्या घरी कपाटात अशी कुणाची वही असेल, तर मित्रांनो, तिला वजन म्हणून वापरू नका. हळूच उघडा. ती रुसलेली असेल तर दोनदा उघडा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल, नि कुणी तुमच्याकडे यायच्या आधी दुसऱ्याकडे गेलं असेल, तरी मूठ आवळून बसू नका. डिंक फार लवकर वाळतो.