भावकूचा अंगठा

कांताक्कांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निपाणीतली आमची अख्खी गल्ली भावकू देवऋषीचा चमत्कार बघायला लोटली होती. मी शेजारचा म्हातारा, मिटलेलं पुस्तक घेऊन खांबाआड उभा.

ही १९३८ सालची गोष्ट. गावातल्या समितीने एक नर्स ठेवली होती. अंबुबाई घरोघरी जाऊन गरोदर बायकांना तपासत. नाळ उकळलेल्या पात्याने कापा, बेंबीला राख लावू नका, असं सांगत. ती राख भावकूच देई.

कांताक्कांची सून प्रेमला. तिची दोन बाळं आठवड्याच्या आतच जबडा मिटून गेली. दोघांच्याही बेंबीला भावकूची राख होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. प्रेमला रडत नसे, बोलत नसे. वाढलं की जेवे.

"नर्स शिवली की सटवाई मागं लागती!" तंबाखू मळता मळता भावकू गरजला. "बघा आता!"

नर्स न शिवलेल्या, गल्लीतल्याच नागुबाईच्या तळव्यावर त्याने बोटांनी ओली हळद चोळली. पिवळीच राहिली. मग उंबऱ्यात बसलेल्या प्रेमलाचा तळवा. त्यावर अंगठा फिरला आणि हळद रक्तासारखी लाल झाली.

बायका किंचाळल्या. अंबुबाई नेमक्या तेव्हाच दारात आल्या.

"बाई, उंबरा चढू नगा," कांताक्का म्हणाल्या. "हात जोडते."

प्रेमला तळव्याकडे बघत राहिली. मग तिने भावकूचा अंगठा धरून हळदीच्या वाटीत बुडवला. वाटीतली हळदही लालभडक झाली.

"आप्पा," ती सपाट आवाजात म्हणाली, "नर्सबाई तुमास्नी कवा शिवल्या?"

"आप्पांस्नीबी दिवस गेल्यात व्हय गं?" नागुबाई म्हणाली, आणि अंगण हसलं.

"सोड! देवी कोपंल!" भावकू हात ओढत ओरडला.

प्रेमला सासूकडे वळली. "आत्याबाई, तंबाखूचा चुना हाय ह्यो. आपण कुंकू कशाचं करतो?"

कांताक्का दरवर्षी घरी हळदीत चुना घालून कुंकू करीत. त्यांनी भावकूपुढची हळदीची वाटी उचलून घेतली.

प्रेमला हसली नाही. उंबऱ्यातून बाजूला झाली. "या, बाई. पाणी उकळाय ठेवते."

मुलगी झाली, जगली. तरी महिनाभर प्रेमला हात धुऊन तिच्या ओठांत बोट घाली, तोंड उघडतं का बघायला.

ती दोन बाळं धनुर्वाताने गेली. त्याचे जंतू नाळ कापायच्या मळक्या विळ्यातून, राखेतून बेंबीत शिरतात. हे मी पुस्तकात वाचलं. माझी समज तोकडीही असेल. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हळद घरात आहे, चुनाही आहे. करून पाहा. मग नर्सबाई आल्या, तर दार उघडा.