घर दाखवताना

सरोजिनीबाईंनी पकडीनं खिळा ओढला, तो ओंजळभर गिलावा घेऊनच बाहेर आला. भिंतीतल्या भोकाकडे पाहत त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग लांबीचा गोळा अंगठ्यानं आत दाबू लागल्या. एजंट ओंकारचं म्हणणं होतं, बघायला येणाऱ्याला आपलं सामान त्या घरात मनातल्या मनात मांडता आलं पाहिजे. तुमचे फोटो, कॅलेंडरं, अनिमेषच्या शाळेतल्या ढाली दिसल्या की त्याला ते तुमचंच घर वाटत राहतं. ते आहेच माझं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण बोलण्याऐवजी त्या पकड शोधायला उठल्या होत्या.

देवळाली प्रवऱ्यातलं हे चार खोल्यांचं घर त्यांनी आणि मार्तंडरावांनी दोघांच्या मास्तरकीवर उभं केलं होतं. मार्तंडराव जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या थंडीत बाई न्हाणीत घसरल्या, आणि शेजारच्या धनश्रीला हाक ऐकू जाईपर्यंत तिथंच पडून राहिल्या. त्यानंतर मुलगा, अनिमेष, पुण्याहून आला तेव्हा घर विकायची गोष्ट त्यांनीच काढली. मुलानं भरीला घातलं, असं म्हणायलाही जागा नव्हती.

तरी सौदा जमत नव्हता. राहुरीच्या एका डॉक्टरांना घर पसंत पडलं होतं. बाईंनी आपण होऊन त्यांना मागच्या खोलीतली ओल दाखवली, आणि होती त्याहून बरीच जास्त सांगितली. दुसऱ्या एकांनी अंगणातला शेवगा तोडायला किती वेळ लागेल असं विचारलं, तर बाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ओंकारनं हे सगळं अनिमेषच्या कानावर घातलं. फोनवर तो रागावला नाही.

"आई, नसेल विकायचं तर नको विकूया," एवढंच म्हणाला. "पण मग तिथं एकटीनं राहायचं कसं, ते तू सांग."



रविवारी दुपारी ओंकार ज्ञानेश्वर आणि निकिताला घेऊन आला. उसाची शेती असलेलं, वस्तीवर राहणारं जोडपं. दोन्ही मुलींच्या शाळेसाठी गावात घर बघत होतं. ज्ञानेश्वर भिंती वाजवून बघत ओंकारबरोबर गच्चीवर गेला. निकिता बाईंच्या मागोमाग फिरत राहिली. तिनं घराला चांगलं म्हटलं नाही की वाईट. पापड कुठं वाळवता, पाणी आलं की आधी काय भरून ठेवता, थंडीत ऊन कुठल्या खिडकीतून येतं, असलंच विचारत होती. बाई सांगत गेल्या. ओलीचं या वेळी होतं तेवढंच सांगितलं.

स्वयंपाकघरात आल्यावर बोलता बोलता त्यांचा हात गुडघ्याकडे गेला. निकितानं ते पाहिलं.

"बाई, तुमी जरा बसा. लई वेळ झालं, उभ्याच हाय तुमी. चहा मी ठेवते."

"अगं, घर बघायला आलात तुम्ही, आणि..."

"बसा हो. समदे डबे समोरच हायेत."

बाहेरच्या खोलीतलं बरंचसं सामान आधीच हललं होतं. राहिली होती एक कॉट आणि मार्तंडरावांची वेताची खुर्ची. बाई खुर्चीत टेकल्या. याआधी आपण या खुर्चीत कधी बसलो होतो, ते त्यांना आठवेना. शाळेतून आलं की त्या तडक आत जायच्या, पदर खोचायच्या. मार्तंडराव इथं वर्तमानपत्र उघडून बसायचे. एकच पान तासभर पुरायचं त्यांना. बातम्या पाठ करता की काय, म्हणून बाई चिडवायच्या.

समोर दार होतं. दारातून सरळ स्वयंपाकघर, आणि अगदी मधोमध ओटा. निकिता पाठमोरी उभी होती. आलं ठेचताना तिचा खांदा हलत होता. तिनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, तेही इथून दिसलं.

"आज पाय दुखताहेत वाटतं तुझे," मार्तंडराव इथून म्हणायचे. तोंडासमोर पेपर धरलेल्या माणसाला ते कसं कळतं, असा प्रश्न बाईंना इतक्या वर्षांत पडला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. ओंकारनं खाली येता येताच व्यवहाराचं बोलणं काढलं, तसं बाईंनी त्याला थांबवलं.

"ते तू आणि अनिमेष बघून घ्या. मला यांनाच द्यायचंय."

ज्ञानेश्वर अवघडून कॉटच्या कडेला टेकत होता, तेवढ्यात बाई उठल्या.

"तिथं नको. इथं बसा."

"असू द्या की बाई, तुमची जागा हाय ती."

"माझी नव्हती कधी. बसा."

तो खुर्चीत बसला. बाई कॉटवर जाऊन बसल्या. तिथून नुसता रस्ता दिसत होता. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर डुलत चालला होता. गच्चीवरची टाकी कुठं हलवता येईल, ते ज्ञानेश्वर ओंकारला समजावून सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर समोरच्या दारातून ओट्याकडे गेली, आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

बाईंनी मान वळवली नाही. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.